झाकणसाहेब आणि खंडेनवमीचा झेंडू

आमच्या विश्रांतवाडीच्या घरी नवा टीव्ही आला तेव्हा तो पाहायला अर्धी सोसायटी येऊन गेली. सगळ्यांनी तो समोरून पाहिला, जसा पाहायचा असतो तसा. आमच्या कंपनीतले साहेब आले, चपला काढल्या आणि पाण्याचा पेला बाजूला सारून थेट टीव्ही आणि भिंत यांच्यातल्या फटीत डोकं घालून उभे राहिले. बराच वेळ आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बायको चहाचा ट्रे धरून तशीच उभी. मग डोकं बाहेर आलं.

"वहिनी, टीव्ही छान आहे. स्क्रू मात्र खोटे आहेत."

"खोटे म्हणजे?"

"दिसायला आहेत. प्लास्टिकमध्ये नुसते उठवलेत. खरं झाकण चिकटवून टाकलंय, उघडतच नाही. बिघडला की फेकायचा. तोवर बघा खुशाल. साखर घातलीय ना यात?"

त्या दिवसापासून माझ्या बायकोला त्या टीव्हीवरची एकही मालिका धड गोड लागली नाही.

जगातल्या सगळ्या वस्तू साहेब मागून बघत. हॉटेलात बसण्याआधी टेबलाखाली वाकून बघत. लग्नाच्या हॉलमध्ये वधूवरांना भेटायच्या आधी ध्वनिक्षेपकाच्या मागे जाऊन येत. त्यांच्या स्कूटरला बाजूचं झाकणच नव्हतं. "सारखं काढायचं, सारखं लावायचं. करायचंय काय?" म्हणून ती स्कूटर भर लक्ष्मी रस्त्यावरून आपली आतडी लोकांना दाखवत हिंडे. कंपनीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'झाकणसाहेब' म्हणत आणि आपल्या पाठीमागे काय आहे हे तर त्यांना नेहमीच ठाऊक असायचं. एकदा आमच्या टेलिफोनवरच्या मुलीच्या तोंडून चुकून निघून गेलं, "झाकणसाहेब, तुमचा फोन आहे." सगळं ऑफिस श्वास रोखून बसलं. साहेब म्हणाले, "झाकण उघडंच आहे. द्या फोन."

त्यांचं घराणं रविवार पेठेतलं. आजोबांपासून घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या वडिलांच्या मांडीशेजारी हे लहानाचे मोठे झाले. ज्या घड्याळाचं मागचं झाकण उघडत नाही ते घड्याळ नव्हे, ते आपल्यावर केलेले उपकार, असं वडील म्हणत आणि साहेब ते वाक्य कुठेही वापरत: मोबाइलबद्दल, सरकारी योजनेबद्दल, एकदा तर आमच्या एका अबोल सहकाऱ्याबद्दल. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा आम्ही डबे घेऊन जाऊन आणत असू. त्यांच्या मराठीत 'ळ' आणि 'ण' असे स्वच्छ वाजत की ऐकत राहावं. कोथरूडचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अहो, तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो!" साहेब म्हणाले, "तुमचंही बरं आहे. सराव ठेवा."

कौतुक करणं हा त्यांचा प्रांत नव्हता. फारच खूश झाले तर ते एकच शब्द उच्चारत: "बरोबर." माझ्या सगळ्या नोकरीत तो माझ्या वाट्याला आला नव्हता. मी विक्री विभागात होतो. माझं काम बोलणं, आणि साहेबांच्या मते बोलण्याला मागची बाजूच नसते.

आता आमची कंपनी. पर्वतीच्या पायथ्याशी एका औद्योगिक वसाहतीत आमचे दोन गाळे होते आणि तिथे आम्ही धान्य निवडायची यंत्रं बनवत होतो. वरून डाळीचा किंवा मुगाचा पडदा कोसळतो, कॅमेरा प्रत्येक दाण्याकडे बघतो, काळा-डागी दाणा दिसला की हवेची एक फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. आमच्या आज्या सुपात घेऊन जे करायच्या ते, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा निर्णय इतक्या झटक्यात घ्यायला साधा संगणक पुरत नाही. त्यासाठी एक खास चिप लागते. ती बाजारातून येते तेव्हा कोरी असते. आत नुसते सुटे खण. कुठला खण कुठल्याला जोडायचा हे आपण लिहायचं आणि मग एक सॉफ्टवेअर त्या लिखाणाप्रमाणे आतली जोडणी करून देतं. त्या सॉफ्टवेअरला साहेब 'पाना' म्हणत.

आणि सगळं रामायण त्या पान्याचं होतं. बहुतेक चिपांचा पाना चिप बनवणाऱ्या कंपनीकडेच असतो. तो आपल्याला परवान्यावर वापरायला मिळतो, आत काय चाललंय ते दिसत नाही. पण काही थोड्या चिपा अशा आहेत की ज्यांच्या आतला नकाशा जगभरच्या हौशी, चिकट डोक्याच्या लोकांनी खण-खण तपासून काढला आणि त्यावरून स्वतःचा पाना लिहून सगळ्यांना खुला करून दिला. कुणीही घ्या, उघडा, बघा, दुरुस्त करा. झाकणसाहेबांना असा पाना सापडल्यावर काय झालं असेल ते मी सांगायला नको.

"चिप निवडायची पद्धतच चुकीची आहे आपल्याकडे," ते म्हणायचे. "लोक आधी नट घेतात आणि मग पाना शोधत फिरतात. आधी पाना बघा."

खराडीहून एका चिप विकणाऱ्या कंपनीचा तरुण आला होता. टाय, लॅपटॉप, पडद्यावर रंगीत चित्रं. आमच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणत असू, त्या पहिल्या रांगेत. कंपनी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती आणि नव्या यंत्रासाठी सगळे घेतात ती नावाजलेली चिप घ्यायचं त्यांनी मनात जवळजवळ ठरवलं होतं. साहेब शेवटच्या खुर्चीत, डोळे मिटून.

"एनी क्वेश्चन्स, सर?" तो तरुण म्हणाला.

"परवाना दर वर्षी नवा करायचा?"

"हो सर. ऑनलाइन. एकदम इझी."

"आणि नाही केला तर?"

"तर… टूल ओपन नाही होणार सर."

"म्हणजे मूग शेतकऱ्याचा, यंत्र आमचं आणि सूप तुमच्या घरी."

"नाही सर, पण आमचा सपोर्ट असतो ना! राउंड द क्लॉक!"

"आत बघता येत नाही म्हणून तर सपोर्ट लागतो. चहा घ्या. खराडीपर्यंत परत जायचंय तुम्हाला, ट्रॅफिक आहे."

मॅडम संतापल्या. "अहो साहेब, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"मी चहा दिला की."

साहेब नुसते हट्टी असते तर गोष्ट सोपी होती. पण खुल्या पान्याच्या चिपांनाही त्यांनी काही कमी छळलं नाही. एक चिप त्यांना फार आवडली होती. इवलीशी, सुबक, आतला कोपरान्‌कोपरा माहीत झालेला. तिच्यात कॅमेऱ्याचं चित्र मावेना. तिला त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसरी मोठी होती, जोरकस होती, पण तिच्या आतल्या गुणाकार करणाऱ्या खणांचा नकाशा अजून अर्धाच झाला होता. मी म्हटलं, "अहो, बहुतेक चालतं म्हणतायत ना लोक?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "खडकवासल्याची भिंतही बहुतेक बांधली असती तर?" शेवटी मधली एक निवडली. फार वेगवान नाही, पण पुरेशी. नकाशा पूर्ण. आपल्याकडच्या सोल्डरिंगच्या साध्या डागणीने बोर्डावर बसणारी आणि बाजारात सहज मिळणारी. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हट्टाने एक नवा बोर्ड तयार केला आणि तो रोज टेबलावर मूग खाऊ घालून चालवत बसत.

मॅडमनी बरेच दिवस हे सहन केलं. मग एक दिवस सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, दसऱ्यापर्यंत. त्यानंतर हा छंद बंद. नवं यंत्र त्या नावाजलेल्या चिपवर करायचं. नाहीतर मग मला दुसरे साहेब बघावे लागतील."

"बघा," साहेब म्हणाले. "मागूनही बघून घ्या."

हसलो आम्ही सगळे. पण त्या संध्याकाळी साहेब बिनझाकणाच्या स्कूटरवर बसून निघाले तेव्हा त्यांनी किक मारायच्या आधी बराच वेळ आमच्या गाळ्याकडे पाहिलं. तेही समोरून. हे मला काही बरं वाटलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असे आणि तिची वाटणी अनेक वर्षांची ठरलेली: मांडणी साहेबांची, हळदकुंकू आणि फुलं मॅडमची. रविवार पेठेत त्यांच्या वडिलांच्या दुकानातही चिमटे आणि भिंगं त्या दिवशी पुसून ओळीत ठेवली जात. हत्याराला वर्षातून एक दिवस सुट्टी, यात साहेबांना तडजोड मान्य नव्हती. एकदा ओळीत ठेवलं, कुंकू लागलं, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. स्क्रूड्रायव्हर, डागणी, मोजणीची यंत्रं, संगणक, सगळं आपापला झेंडू डोक्यावर घेऊन बसे.

फक्त एक संगणक साहेब त्या ओळीत घेत नसत. कोपऱ्यातला. आमच्या जुन्या यंत्रांमधल्या चिपेचा परवान्याचा पाना फक्त त्याच्यावर चाले.

"भाड्याच्या हत्याराला आपण कसलं फूल वाहायचं? ज्याचं आहे त्याला बोलवा."

"शुभ दिवशी असलं बोलू नका हो!" म्हणत मॅडम दर वर्षी स्वतः कोपऱ्यात जाऊन त्याला सगळ्यात मोठा हार घालत.

त्या वर्षी मूग काढणीच्या वेळी पाऊस लागला. दाणे चांगले, पण अंगावर फिकट तपकिरी छटा. लातूरच्या एका मिलमध्ये आमचं यंत्र होतं, त्याने चांगला मूगही डागी समजून भसाभसा फेकायला सुरुवात केली. त्या मिलचे शेठ म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आसपासच्या सगळ्या मिलवाल्यांनी त्यांच्याकडचं यंत्र बघूनच आमच्याकडे मागणी नोंदवली होती. त्यांचा फोन मीच घेतला.

"सायब, दसऱ्याला माझा मुहूर्त हाय. सकाळी पयला मूग टाकणार. तवर नीट झालं तर झालं, न्हाईतर यंत्र टेम्पोत घालून पुण्याला पाठवून देतो. वाईट वाटून घेऊ नका."

चिपेतली जोडणी थोडी बदलायची, इतकंच काम. अष्टमीच्या दुपारी कोपऱ्यातला संगणक सुरू केला, पाना उघडला. पडद्यावर पाटी: परवाना या संगणकाचा नाही.

झालं होतं असं. पूजेआधी सगळं लख्ख करायची मॅडमना हौस. त्यांनी धूळ काढायला माणूस बोलावला होता. त्याने कोपऱ्यातल्या संगणकातलं जुनं, गंजकं नेटवर्क कार्ड दाखवलं आणि मॅडमनी सणासुदीचं नवं घालायला सांगितलं. जुनं भंगारात गेलं. परवाना नेमका त्या कार्डाच्या क्रमांकाला बांधलेला होता.

मॅडमचा चेहरा उतरला. साहेब काय बोलतात म्हणून आम्ही सगळे कान टवकारून उभे. वर्षानुवर्षं साठवलेले टोमणे मारायची याहून सोन्यासारखी संधी नव्हती. साहेबांनी मागचं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि म्हणाले, "कार्ड चकचकीत आहे." बस्स. मॅडमना ते जास्त लागलं असावं.

खराडीच्या त्या तरुणाला फोन केला; जुनी चिपही त्याच्याच कंपनीची. बिचाऱ्याने खरोखर धावपळ केली. नवमीला सकाळी आमची पूजा झाली. त्या वर्षी मॅडम कोपऱ्याकडे फिरकल्याच नाहीत, त्या संगणकाला ना हार ना फूल. आरती झाली, पेढे वाटले आणि त्याचा फोन आला. "सॉरी सर. ते व्हर्जनच बंद झालंय. नवीन घेऊ शकता, पण नव्यात तुमची ती जुनी चिप नाहीये."

प्रसादाचा पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमचा तो नवा बोर्ड लातूरच्या यंत्रात बसेल?"

"बसेल. मापं तीच ठेवलीयत."

"मग करा ना."

"या मुगाच्या रंगासाठी जोडणी नव्याने करावी लागेल. आणि माझा संगणक," साहेबांनी बोट दाखवलं, "सुट्टीवर आहे."

त्यांच्या संगणकाच्या डोक्यावर झेंडू, कपाळाला कुंकू. मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. दोघंही तसलेच. नोकरी जाईल, गिऱ्हाईक जाईल, पण ओळीतलं हत्यार उचलायचं नाही. खोलीभर उदबत्तीचा धूर आणि सगळे हत्यारांसारखे स्तब्ध.

मग साहेबांची मान हळूच वळली. कोपऱ्याकडे.

"ते मोकळं आहे," ते म्हणाले.

साऱ्या गाळ्यात फूल न मिळालेलं तेवढं एकच हत्यार होतं! मी नाटकात कामं केली आहेत, पण असा प्रवेश मी रंगमंचावरसुद्धा पाहिलेला नाही. साहेबांनी खुर्ची ओढली, बाह्या सारल्या आणि त्या संगणकावरचा परवान्याचा सगळा पसारा पुसून त्यावर खुला पाना चढवला. कुणाला विचारलं नाही, कुठला क्रमांक भरला नाही. मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. पहिल्यांदाच मागून.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

दुपारी कंपनीची गाडी लातूरला निघाली. गाडीत बोर्ड, माझ्या घरचा बिनफुलाचा लॅपटॉप आणि मी.

"मी?" मी किंचाळलो होतो. "अहो, मी आयुष्यात बल्ब बदललेला नाही!"

"मला इथे बसावं लागेल. मूग कसा दिसतो ते तुम्ही फोनवर सांगायचं, मी इथून जोडणी बदलून पाठवणार. बोलायचं काम आहे. ते येतं ना तुम्हाला?"

"आणि बोर्ड बसवायला स्क्रूड्रायव्हर? ते सगळे कुंकवात आहेत!"

"खिशात नाणं असेल ना? आपल्या यंत्राचे स्क्रू मी नाण्याने उघडतील असेच ठेवलेत. मिलवाल्याने अडीनडीला काय पुण्याहून पाना मागवायचा?"

दसऱ्याच्या सकाळी लातूरच्या मिलमध्ये शेठ, त्यांचे भाऊ, आसपासचे मिलवाले, सगळे नव्या टोप्या घालून उभे. मी खिशातलं नाणं काढलं आणि झाकण उघडायला लागलो.

"ओ सायब, हे काय करायलात? नाण्यानं?" शेठ म्हणाले.

"आमच्याकडे पद्धत आहे," मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं.

जुना बोर्ड काढला, नवा सरकवला. वरून मुगाचा पडदा कोसळला आणि यंत्राने चांगला मूग पुन्हा बाहेर फेकला. आधीपेक्षा कमी, पण फेकला. मिलवाल्यांमध्ये कुजबुज. मी फोन लावला.

"काय फेकतोय ते सांगा," साहेबांचा आवाज.

"चांगला मूग फेकतोय हो!"

"चांगला म्हणजे कसा? तुम्ही विक्रीतले, तुम्हाला सगळंच चांगलं दिसतं. दाणा हातात घ्या. उलटा करा."

मी दाणा उलटा केला. एक बाजू हिरवी, दुसऱ्या बाजूला तपकिरी छटा. दुसरा घेतला. तसाच.

"साहेब, डाग एकाच अंगाला आहे. जमिनीला टेकलेल्या बाजूला असावा. मागून हिरवेगार आहेत!"

फोनवर कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला.

"बरोबर," साहेब म्हणाले.

माझे डोळे भरून आले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यंत्रात कॅमेरे दोन, पुढून एक, मागून एक. आतापर्यंत एकानेही डाग दाखवला की दाणा बाद होत होता. साहेबांनी जोडणी बदलली: फिकट छटा असेल तर दोन्हींचं मत पडल्याशिवाय फुंकर मारायची नाही. शेठनी दिलेला चहा निवायच्या आत नवी जोडणी लॅपटॉपवर येऊन पडली. मी ती चिपेत भरली. पुन्हा पडदा कोसळला. एका बाजूला हिरवा मूग, दुसऱ्या बाजूला खडे आणि काळे दाणे.

शेठनी ओंजळ भरून मूग उचलला, उजेडात धरला. "आता जमलं की ओ!" म्हणाले आणि माझ्या हातात आपट्याची पानं कोंबली.

पुण्यात मॅडमनी काय केलं ते मला नंतर कळलं. फोन ठेवल्यावर त्यांनी खराडीच्या तरुणाला कळवून टाकलं की नवं यंत्र साहेबांच्या चिपवर होणार. मग साहेबांच्या टेबलावर, मूग खाणाऱ्या बोर्डाच्या जागी, आपट्याचं पान ठेवून गेल्या.

पुढच्या वर्षीच्या नवमीला साहेबांनी मांडलेल्या ओळीत कोपऱ्यातला संगणक पहिला होता. त्याचं मागचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं. मॅडमनी हार घेतला आणि थबकल्या. त्याही पुण्याच्याच.

"साहेब, एक विचारू? चिप तर अजूनही परदेशातूनच येते. मग हे आपलं कसं?"

"नट परक्याचाच आहे," साहेब म्हणाले. "आपण पूजा पान्याची करतो."

साहेब आता निवृत्त आहेत. खंडेनवमीला मात्र ते आमच्याकडे चहाला येतात. यंदा आले तेव्हा माझ्या बायकोने हॉलमध्ये पाट मांडून आमची घरगुती हत्यारं ओळीत लावली होती. विळी, शिवणयंत्र, मिक्सर, माझी दाढीची पेटी आणि लातूरचं ते नाणं. प्रत्येकाला झेंडू. भिंतीलगतचा टीव्ही तेवढा कोरा.

"वहिनी, याला फूल नाही?" साहेबांनी विचारलं.

"स्क्रू खोटे आहेत त्याचे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

साहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली, ओळीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले.

मला तो शब्द मिळवायला लातूरला जावं लागलं होतं. हिला घरबसल्या मिळाला.